दोन घरचा पाहुणा आणि लष्कराची जमीन

अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांत गेली काही वर्षं एक विधेयक पुन्हा पुन्हा येतंय. दिसायला अगदी कोरडं. आपल्या राज्यातल्या लष्करी तळांवर अल्पवयीन मुलांच्या हातून जे गुन्हे घडतात, त्यांच्यावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या जोडीने राज्याचाही अधिकार असावा, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. मागणी खुद्द पेंटागॉनची, म्हणजे संरक्षण खात्याची. तरी चर्चा सुरू झाली की त्याच दोन तबकड्या वाजू लागतात. लष्कराच्या जमिनीवर राज्याच्या पोलिसाने पाय ठेवला तर शिस्तीचं काय होणार, ही पहिली. लष्कर गुन्हे दडपतं, तेव्हा सगळं काढून राज्याकडे द्या, ही दुसरी. दोन्ही बाजू जमिनीच्या मालकीचा वाद असल्यासारख्या भांडतात. त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसाला कुठल्या कोर्टात काय मिळतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जिथे कुटुंबं राहतात, मुलं शाळेत जातात, त्या लष्करी तळावर राज्य आणि फेडरल सरकार या दोघांचाही फौजदारी अधिकार असायला हवा. एकट्या फेडरल सरकारचा अधिकार ही अठराव्या शतकातल्या एका भीतीची शिल्लक आहे. ती भीती तेव्हा खरी होती, आज तिचं कारण उरलेलं नाही. पण सामायिक अधिकार म्हणजे 'बघतील दोघं मिळून' असं असेल, तर नसलेला बरा. पहिली जबाबदारी कोणाची हे कागदावर नसेल, तर ही सुधारणा नुसती पाटी बदलून संपेल.

आधी मामला काय आहे ते पाहू, कारण अर्धा गोंधळ इथेच आहे. आपल्याला वाटतं, लष्कराची जमीन म्हणजे लष्कराचा कायदा. तसं नसतं. अमेरिकेत लष्करी जमिनीचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. काही ठिकाणी फक्त फेडरल सरकारचा अधिकार. तिथे राज्याचा फौजदारी कायदा स्वतःच्या बळावर लागू होत नाही. काही ठिकाणी दोघांचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या शब्दात समवर्ती. काही ठिकाणी राज्याने थोडं दिलं, थोडं राखलं. आणि काही ठिकाणी फेडरल सरकार निव्वळ जमीनमालक. गुन्हा घडला तर एरवीसारखा राज्याचाच कायदा. गंमत अशी की एकाच तळाच्या कुंपणात हे सगळे प्रकार सापडू शकतात. 1900 साली घेतलेला तुकडा एका प्रकारचा, दुसऱ्या महायुद्धात जोडलेला तुकडा दुसऱ्या प्रकारचा. फोर्ट कॅम्पबेलसारखा तळ तर केंटकी आणि टेनेसी अशा दोन राज्यांत पसरलेला आहे. म्हणजे गुन्हा कोणत्या कोर्टात चालणार हे गुन्ह्याच्या स्वरूपावरून ठरत नाही, सातबाऱ्यावरून ठरतं. कुठल्या साली फेरफार झाला, राज्याने देताना काय लिहून दिलं, वॉशिंग्टनने ते स्वीकारलं की नाही. एखाद्या घराच्या अंगणात मुलीवर अत्याचार झाला तर तपास अधिकाऱ्याने आधी खरेदीखत शोधावं, ही रचना कोणी मुद्दाम केली असेल का? नाही. ती साचत गेली.

सुरुवात 1783 च्या जूनमध्ये झाली. फिलाडेल्फियात थकलेल्या पगारासाठी चिडलेल्या शेकडो सैनिकांनी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, बसत होती त्या इमारतीला वेढा घातला. काँग्रेसने पेन्सिल्व्हेनियाच्या सरकारकडे मदत मागितली, मिलिशिया, म्हणजे राज्याचं नागरी सैन्य, बोलवा म्हणून. राज्याने ते केलं नाही. देशाच्या प्रतिनिधींना गाशा गुंडाळून प्रिन्स्टनला जावं लागलं. हा अपमान मनात होता, म्हणून चार वर्षांनी राज्यघटना लिहिताना एक कलम आलं: राजधानीच्या प्रदेशावर, आणि राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीने किल्ले, दारूगोळ्याची कोठारं, शस्त्रागारं, गोद्या अशांसाठी विकत घेतलेल्या जागांवर कायदे करण्याचा अधिकार फक्त काँग्रेसचा. ज्याच्या जमिनीवर बसायचं त्याच्या मर्जीवर जगायचं नाही, हे त्यामागचं तर्कशास्त्र. ज्या देशाला स्वतःचं कायमचं सैन्य जेमतेम होतं आणि तेरा राज्यं तेरा दिशांना ओढत होती, त्या देशाला ही काळजी शोभत होती.

पण त्याच वेळी दुसरी भीतीही कोणी बोलून दाखवली होती, आणि ती मला जास्त दूरदृष्टीची वाटते. 1788 मध्ये व्हर्जिनियात घटना मंजूर करायची की नाही यावर खल चालू असताना जॉर्ज मेसन उठले आणि म्हणाले की असा वेगळा प्रदेश आजूबाजूच्या राज्यांचे कायदे धाब्यावर बसवेल, आणि जुन्या काळी गुन्हेगार देवळात शिरून सुरक्षित व्हायचे तसा काळ्यातल्या काळ्या गुन्ह्यांचा आसरा होऊन बसेल. ते बोलत होते राजधानीबद्दल, पण कलम एकच होतं. मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगायला नको. संस्थानांच्या काळात इकडे दरोडा घालून निजामाच्या हद्दीत उडी मारणं हा आपल्याकडच्या कितीतरी गावगोष्टींचा उत्तरार्ध आहे.

राज्यांनाही हे कळत होतं. म्हणून जमीन देताना बहुतेक राज्यांनी एक शेपूट राखून ठेवलं: बाहेर गुन्हा करून कोणी किल्ल्यात लपला, तर आमचं समन्स आणि आमचं वॉरंट आत चालेल. कॅन्सासची कथा बोलकी आहे. 1861 मध्ये कॅन्सास राज्य झालं तेव्हा फोर्ट लेव्हनवर्थवरचा अधिकार राखून ठेवायचं वॉशिंग्टन चक्क विसरलं. 1875 मध्ये कॅन्सासने तो दिला, पण समन्स-वॉरंट बजावण्याचा आणि किल्ल्यातून जाणाऱ्या रेल्वेवर कर लावण्याचा हक्क ठेवून घेतला. रेल्वे कंपनी कर द्यायला तयार नव्हती. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1885 मध्ये निकाल लागला की राज्याने अधिकार देताना अट घातली तर ती अट चालते, फक्त तिने फेडरल कामात अडथळा येता कामा नये. म्हणजे 'लष्कराच्या जमिनीवर राज्य नको' हे कुठलं सनातन तत्त्व नाही. 140 वर्षांपूर्वीच न्यायालयाने सांगितलं की हा देवघेवीचा मामला आहे. किती द्यायचं, किती ठेवायचं, ते ठरवा. आज जे विधेयकाविरुद्ध घटनेचा हवाला देतात ते या निकालाचं नाव का घेत नाहीत?

एकट्याचा अधिकार म्हणजे कडक अधिकार, असंही अनेकांना वाटतं. इतिहास उलट सांगतो. हद्द जितकी काटेकोर, तितकी फट मोठी. 1816 मध्ये बॉस्टनच्या बंदरात 'इंडिपेंडन्स' या युद्धनौकेवर पहाऱ्यावरच्या एका मरीनने जहाजाच्या स्वयंपाक्याच्या मदतनिसाला ठार केलं. खटला फेडरल कोर्टात उभा राहिला. 1818 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, बंदर मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत येतं, काँग्रेसने अशा ठिकाणच्या खुनाबद्दल कायदा केलेला नाही, तेव्हा या कोर्टाला अधिकार नाही. आरोपीचा वकील होता डॅनियल वेब्स्टर. पुढे तोच काँग्रेसच्या न्यायसमितीचा अध्यक्ष झाला आणि 1825 चा गुन्हेविषयक कायदा त्यानेच आणला. ज्या फटीतून अशिलाला बाहेर काढलं, तशा फटी बुजवायला हा गृहस्थ नंतर स्वतःच बसला. वकिली पेशाची इतकी सुबक गोष्ट क्वचित सापडते.

त्या 1825 च्या कायद्यातली एक तरतूद आजच्या वादाच्या मुळाशी आहे. काँग्रेस काही प्रत्येक छोट्यामोठ्या गुन्ह्याचा कायदा करत बसणार नव्हती. म्हणून ठरलं की फेडरल जमिनीवर जो गुन्हा फेडरल कायद्यात नाही, त्याला ती जमीन ज्या राज्यात आहे त्या राज्याचा कायदा उसना घ्यायचा. 1948 पासून हा उसनवार आपोआप ताजा होतो: राज्याने काल कायदा बदलला तर आज तळावरही बदललेलाच लागू. टेक्सासमधल्या रँडॉल्फ हवाई तळावरच्या एका खटल्यात, 1958 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली. आता याचा अर्थ नीट पाहा. तळाच्या रस्त्यावर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एखाद्या नागरिकाला शिक्षा होते ती टेक्सासच्या कायद्याने. पण खटला चालवतो फेडरल वकील, ऐकतो फेडरल मॅजिस्ट्रेट. राज्याचा कायदा कुंपणातून आत येऊन बसलाय, आणि तो ज्यांना रोज हाताळून तोंडपाठ आहे ते राज्याचे न्यायाधीश, समुपदेशक, प्रोबेशन अधिकारी मात्र फाटकाबाहेर उभे. एकट्याच्या अधिकाराचं समर्थन करणाऱ्यांचा एक आवडता मुद्दा असतो एकसारखेपणाचा: सैनिकाचं कुटुंब दर दोनतीन वर्षांनी राज्य बदलतं, प्रत्येक राज्यात वेगळा कायदा कशाला? उत्तर वर आहे. वेगळा कायदा आत्ताही लागतोच. एकसारखी आहे ती फक्त गैरसोय.

आणि ही गैरसोय गणवेशातल्या माणसाची फारशी नाही. त्याला कोर्ट मार्शल आहे. 1987 पासून तर गुन्हा त्याच्या नोकरीशी संबंधित असो-नसो, तो सेवेत आहे एवढ्यावर कोर्ट मार्शल होऊ शकतं. अडकतात त्याच्या घरातली माणसं. 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आदल्याच वर्षी दिलेला स्वतःचा निकाल फिरवून, सांगितलं की शांततेच्या काळात सैनिकाच्या नागरिक बायकोवर देहान्ताचा गुन्हा असला तरी कोर्ट मार्शल चालवता येणार नाही. 1960 मध्ये तो नियम सौम्य गुन्ह्यांनाही लागू झाला. निकाल योग्यच होता. नागरिकाला नागरी न्याय हवा. पण त्याचा परिणाम असा झाला की जिथे फक्त फेडरल अधिकार आहे त्या तळावरच्या नागरिकांसाठी, म्हणजे बायका, नवरे, मुलं यांच्यासाठी, फेडरल कोर्ट हे एकच दार उरलं.

आणि त्या दाराआड मुलांसाठी काय आहे? जवळपास काही नाही. फेडरल व्यवस्थेत स्वतंत्र बालन्यायालय नाही. फेडरल कायदाच सांगतो की अल्पवयीन मुलाचं प्रकरण हाती घेण्याआधी सरकारने काही गोष्टी प्रमाणित करायच्या: राज्याला अधिकार नाही, किंवा राज्य घेत नाही, किंवा राज्याकडे सोय नाही, किंवा गंभीर गुन्हा असून फेडरल हितसंबंध मोठा आहे. थोडक्यात, मुलं राज्याकडेच जावीत असं काँग्रेसने गृहीत धरलंय. मुलाला ठेवायची वेळ आली तरी फेडरल तुरुंग खातं राज्यातल्या किंवा स्थानिक संस्थांशी करार करून तिथेच ठेवतं. राज्याकडे मात्र कुटुंब न्यायालय आहे, बालकल्याण खातं आहे, उपचाराची सक्ती करता येते, मुलाला घरी ठेवून देखरेख करता येते. अमली पदार्थ, बँकांचे घोटाळे, दहशतवाद बघणाऱ्या फेडरल वकिलाच्या टेबलावर तेरा वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाशी केलेल्या दुष्कृत्याची फाईल येते, तेव्हा ती कुठे जात असेल? ढिगाच्या तळाशी. यात त्या वकिलाच्या दुष्टपणाचा प्रश्नच नाही. त्याच्याकडे 'खटला भरा' आणि 'सोडून द्या' यांच्या मधलं काहीच नाही, आणि मुलांच्या प्रकरणात जे करायचं असतं ते सगळं त्या मधल्या जागेतच असतं.

हे अंदाजाने म्हणत नाही. 2018 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने लष्करी तळांवर मुलांनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचा शोध घेतला आणि 2007 पासूनची सुमारे 600 प्रकरणं समोर आणली. त्यातली कितीतरी ना लष्कराने धसास लावली, ना फेडरल वकिलांनी. त्याच वर्षी काँग्रेसने संरक्षण खात्याच्या वार्षिक कायद्यात अशा प्रकरणांसाठी धोरण आखायला सांगितलं. यात सोसणारं मूल सुटत नाही, तसं करणारं मूलही सुटत नाही. त्याला वेळेवर उपचार मिळाला असता तर कदाचित तो तिथेच थांबला असता. आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. सामायिक अधिकाराविरुद्ध ती सहज फेकता येते. पण आज हा पाहुणा एकाच घरचा आहे, आणि त्या घरात चूलच नाही.

आता विरोधी बाजूकडे वळतो, कारण तिच्यात दम आहे, फक्त तिचे वकील चुकीच्या मुद्द्यावर जोर देतात. शिस्त आणि सुरक्षिततेचा मुद्दा मी पटकन बाजूला ठेवतो. समवर्ती अधिकाराने कोर्ट मार्शल जात नाही, फाटकावरचा कमांडरचा हुकूमही जात नाही. ज्या तळांवर फेडरल सरकार नुसतं जमीनमालक आहे तिथे राज्याचा कायदा आधीपासून चालतोय आणि तिथली सैन्यं काही कोसळलेली नाहीत. शिवाय कुंपण पूर्वीच ओलांडलं गेलंय. 2002 मध्ये काँग्रेसने कायदा केला की घरगुती हिंसाचारात राज्याच्या कोर्टाने दिलेला संरक्षण आदेश तळावरही तितकाच बंधनकारक. त्याने लष्कराचं काही बिघडल्याचं कोणी म्हणत नाही.

खरा जबर मुद्दा वेगळा आहे, आणि तो मला लुइझियानातल्या कॅम्प क्लेबोर्नच्या खटल्यात दिसतो. 1942 मध्ये तिथल्या तीन कृष्णवर्णीय सैनिकांना बलात्काराच्या आरोपावरून फेडरल कोर्टाने मृत्युदंड दिला. गुन्हा तळाच्या हद्दीत घडल्याचं म्हटलं होतं. मात्र 1940 च्या कायद्याने ठरलं होतं की वॉशिंग्टनने रीतसर लिहून अधिकार स्वीकारल्याशिवाय नव्या जमिनीवर फेडरल अधिकार नाही असंच धरायचं, आणि या तळासाठी ते पत्र कोणी पाठवलंच नव्हतं. थरगुड मार्शल, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले, त्यांनी हा मुद्दा लढवला, आणि 1943 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की फेडरल कोर्टाला अधिकारच नव्हता. त्या खटल्यातली तिघांची फाशी रद्द झाली ती न पाठवलेल्या एका पत्रामुळे.

ही गोष्ट दोन्हीकडे कापते. एकीकडे ती दाखवते की अधिकार कागदपत्रांवर टांगून ठेवला की काय होतं. दुसरीकडे ती विचारते: सामायिक अधिकार म्हणता, तर 1942 च्या लुइझियानात त्या तिघांना राज्याच्या कोर्टाकडे सोपवलं असतं का? गोऱ्या स्त्रीवरच्या बलात्काराचा आरोप, आरोपी कृष्णवर्णीय, ज्यूरी गोरी. त्या काळी दक्षिणेत फेडरल फाटक हे कितीतरी कृष्णवर्णीय सैनिकांसाठी भिंतीइतकंच आडोसाही होतं. (फेडरल कोर्टानेही फाशीच दिली होती, हे विसरू नये; आडोसा तकलादूच होता.) आजही राज्यांच्या बालन्यायाच्या पद्धती सारख्या नाहीत. काही राज्यांत पोरवयातल्या मुलाला मोठ्यांच्या कोर्टात उभं करणं फार सोपं आहे. जिल्ह्याचा सरकारी वकील बहुतेक ठिकाणी निवडून येतो. बाहेरगावाहून आलेल्या, तिथे कदाचित मतदारही नसलेल्या सैनिकाच्या पोराबद्दल कडक दिसणं त्याला परवडतं. हा धोका मी मान्य करतो, अर्धवट नाही, पूर्ण मान्य करतो.

म्हणूनच मी राज्याच्या एकट्याच्या अधिकाराची बाजू घेत नाही. दुसऱ्या तबकडीशी माझं भांडण इथेच आहे. सामायिक व्यवस्थेत फेडरल सरकार जागेवरच राहतं. राज्य आकसाने वागलं किंवा कानाडोळा केला तर दुसरं दार उघडं असतं. साठच्या दशकात मिसिसिपीत नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या खुनांचा खटला राज्याने भरला नाही, फेडरल सरकारने भरला; तो न्याय पुरेसा नव्हता, पण जो काही मिळाला तो दुसरं दार होतं म्हणून. एकच दार असलेल्या घराला बाहेरून कडी घातली की संपलं. आणि मुलांना मोठ्यांच्या कोर्टात ढकलण्याची भीती असेल, तर अधिकार हस्तांतरित करताना तशी अट घालता येते. कॅन्सासने रेल्वेच्या कराची अट घातली होती, मग वॉशिंग्टनला मुलांच्या हिताची का घालता येऊ नये?

दुसरी जबर हरकत दुहेरी खटल्याची. अमेरिकेत एकाच कृत्यासाठी राज्य आणि फेडरल सरकार दोघंही खटला भरू शकतात, कारण दोघं वेगळे सार्वभौम मानले जातात. 2019 मध्ये अलाबामातल्या बेकायदा बंदुकीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी हे तत्त्व कायम ठेवलं. विरोधात होत्या रूथ गिन्सबर्ग आणि नील गोर्सच, एक डावीकडच्या, एक उजवीकडचे. ज्या निकालावर हे दोघं मिळून नाराज होतात त्यात काहीतरी खुपणारं असतंच. लष्करी तळावर याचं एक विचित्र रूप होतं: कोर्ट मार्शल आणि फेडरल कोर्ट हे एकाच सार्वभौमाचे दोन हात, म्हणून एकाने सोडलं तर दुसऱ्याला पकडता येत नाही, हे 1907 मध्येच ठरलंय. पण राज्य तिसरा हात म्हणून आलं की पुन्हा खटला शक्य. हा माझ्या मताचा खरा खर्च आहे. तो कमी करायचा उपाय न्यायालयाकडे नाही, करारात आहे: एकाने प्रकरण निकाली काढलं की दुसऱ्याने, विशेषतः मुलांच्या बाबतीत, हात लावायचा नाही. फेडरल न्याय खात्याने स्वतःवर असा अंतर्गत निर्बंध कित्येक दशकांपूर्वी घालून घेतलाय. तोच बंधनकारक करायचा.

आणि तिसरी, त्या म्हणीतली. सामायिक म्हणजे कोणाचंच नाही. याचं सगळ्यात कटू उदाहरण लष्करी नाही, मूलनिवासींच्या भूमीचं आहे. 1953 मध्ये काँग्रेसने एका कायद्याने कॅलिफोर्निया, मिनेसोटा, नेब्रास्का, ऑरेगन, विस्कॉन्सिन या राज्यांना तिथल्या बहुतेक आदिवासी भूमीवर फौजदारी अधिकार देऊन टाकला. जमातींना विचारलं नाही. राज्यांना पैसा दिला नाही. मग वॉशिंग्टन म्हणालं आता राज्य बघेल, राज्य म्हणालं आम्हाला त्या भूमीवर कर मिळत नाही, शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीस अधिकारी, कशाला पाठवायचा. 1968 मध्ये काँग्रेसला जमातीच्या संमतीची अट घालावी लागली. लष्करी तळांवर अधिकार नुसता घोषित केला, जिल्ह्याला बालन्यायालयाचा वाढीव खर्च कोण देणार हे लिहिलं नाही, तर याचीच पुनरावृत्ती होईल. विधेयकाला पाठिंबा देणारे या अनुभवाबद्दल अवाक्षर काढत नाहीत, आणि त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग याच कारणासाठी आहे.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे सगळं थोडं परग्रहावरचं वाटतं. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी या महाराष्ट्रातल्या छावण्यांत पोलीस राज्याचेच. कॅम्पात चोरी झाली की माणूस लष्कर पोलीस ठाण्यात जातो. नावात लष्कर, टोपी शहर पोलिसांची. आपल्याकडे फौजदारी कायदा देशभर एक, म्हणून प्रश्न जमिनीचा होत नाही, माणसाचा होतो: आरोपी सैनिक आहे का? तिथेही दोन अधिकार एकमेकांवर येतातच. 1950 च्या लष्कर कायद्याचं 125 वं कलम सांगतं की दोन्हीकडे चालू शकणारा गुन्हा कुठे चालवायचा हे आधी कमांडिंग अधिकारी ठरवेल. 126 वं सांगतं की फौजदारी न्यायालयाला ते पटलं नाही तर ते प्रकरण मागू शकतं, आणि वाद राहिलाच तर केंद्र सरकार निवाडा करेल. नागरिकाचा खून किंवा नागरिकावर बलात्कार असेल तर, युद्धसेवा किंवा सीमेवरच्या ठाण्यासारखे अपवाद सोडून, कोर्ट मार्शल नाहीच. पहिली निवड लष्कराच्या हातात दिली, तक्रारदाराला त्यात आवाज नाही, हे मला आवडत नाही. तरी 'आधी कोण' आणि 'भांडण झालं तर कोण' या दोन प्रश्नांना उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेतल्या सामायिक तळांवर ही उत्तरं स्थानिक करारावर, आणि करार नसेल तर ओळखीपाळखीवर सोडलेली असतात.

आपलं उत्तरही दबावाखाली वाकतंच. नौदलाच्या कमांडर नानावटींवरचा खुनाचा खटला मुंबईच्या नागरी न्यायालयात चालला, हे खरं. पण 11 मार्च 1960 ला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून त्यांना नौदलाच्या ताब्यात ठेवलं. वॉरंट बजावलंच गेलं नाही. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की प्रकरण आमच्यापुढे असताना राज्यपालांना हे करता येत नाही. हद्द कितीही नीट आखली तरी गणवेशाची एक सावली पडते. ती सावली पडते म्हणून तर दोन डोळे हवेत, एक नको.

'लष्करी जमीन' या शिक्क्याची ताकद किती असते हे 2025 मध्ये न्यू मेक्सिकोत दिसलं. मेक्सिकोच्या सीमेला लागून 60 फूट रुंदीची एक पट्टी आहे, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1907 मध्ये राखून ठेवलेली. एप्रिलमध्ये ती लष्कराच्या ताब्यात देऊन 'राष्ट्रीय संरक्षण क्षेत्र' ठरवली गेली, आणि सीमा ओलांडणाऱ्यांवर लष्करी मालमत्तेत घुसल्याचे आरोप लागू लागले. मे महिन्यात तिथल्या फेडरल मॅजिस्ट्रेटने असे अनेक आरोप काढून टाकले: ही लष्कराची जमीन आहे हे त्या माणसांना ठाऊक असल्याचा पुरावा कुठे? कागदावर हद्द बदलली की पायाखालची माती तीच असून माणूस वेगळ्या कायद्यात उभा राहतो. या प्रकाराला विरोध करणारे काही जण मुलांच्या विधेयकालाही विरोध करतात, लष्कराला आणखी काही नको म्हणून. त्यांनी मजकूर वाचावा. हे विधेयक लष्कराला देत नाही, लष्कराकडून घेतं.

1956 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात फेडरल सरकारच्याच आंतरखातेसमितीने या जमिनींचा ढीगभर अभ्यास करून सांगितलं होतं की एकट्याच्या अधिकाराची गरज जवळपास कुठेच नाही. हवंच असेल तिथे समवर्ती ठेवा. लष्कराच्या खात्यांना अधिकार राज्याकडे परत सोपवायची कायदेशीर वाटही आहे: खात्याच्या सचिवाने राज्यपालांना कळवायचं आणि राज्याने स्वीकारायचं. कुलपाला दोन किल्ल्या, आणि दोन्ही आज उपलब्ध. सत्तर वर्षं लोटली तरी कितीतरी तळांवर ते कुलूप तसंच आहे, कारण दोन्ही किल्लीवाल्यांना घाई नाही.

मी विधिमंडळात असतो तर विधेयकाच्या बाजूने मत दिलं असतं, पण तीन ओळी जोडल्याशिवाय नाही. तळावरच्या अल्पवयीन मुलाचं प्रकरण आधी राज्याच्या बालन्यायालयाकडे जाईल, आणि त्याला मोठ्यांच्या कोर्टात पाठवायचं असेल तर फेडरल वकिलाची लेखी संमती लागेल. त्या जिल्ह्याच्या वाढीव खर्चाचा वाटा संरक्षण खातं उचलेल. आणि तक्रार लष्करी पोलिसांकडे येवो की शेरीफकडे, बहात्तर तासांच्या आत हे प्रकरण कोणाकडे आहे, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर, मुलाच्या आईवडिलांना लेखी कळवला जाईल. पहिल्या दोन ओळींवर वकील महिनोन्महिने घासाघीस करतील, करू देत. तिसऱ्या ओळीला फार पैसा लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही, आणि ती आजच्या आज, विधेयक येवो न येवो, कुठल्याही तळाच्या कमांडरला आणि जिल्ह्याच्या वकिलाला एका पानावर सही करून सुरू करता येते.